साध्या तेलाचे उंदीर

“आधी दिवा बंद कर, मग झाकण उघड. घाईत असलीस तरी. आणि घाईत असशील तेव्हा तर आधी दिवाच बंद कर.”

मोठ्या बाईंचा हा आवाज तिच्या कानात इतका मुरला होता, की घरी साखरेचा डबा उघडतानासुद्धा तिचा हात आधी भिंतीवरच्या बटणाकडे जायचा. बाई आता नव्हत्या. प्रयोगशाळा त्यांनी उभी केली, कपाटं कुठे लावायची तेही त्यांनीच ठरवलं, आणि काम रंगात यायला लागलं तेव्हा त्या गेल्या. मागे राहिली त्यांची तपकिरी बाटली आणि हा हुकूम.

बाटलीत होतं तेल. तांबूसकडे झुकणारं जांभळं, उंची अत्तरासारखं दिसणारं, पण वास मात्र स्वयंपाकघराचा. त्यात विरघळलेला होता कार्बन. पेन्सिलीच्या टोकात असतो, चिमणीच्या काजळीत असतो, तोच. फक्त इथे त्याचे साठ अणू हातात हात गुंफून गोल बसलेले, आतून पोकळ, शिवणी घातलेल्या फुटबॉलसारखा एकेक गोळा. केसाच्या जाडीवर ओळीनं मांडले तर लाखाच्या घरात मावतील एवढा बारीक.

बाई समजावून सांगायच्या, “आपल्या अंगातली प्रत्येक पेशी आपली चूल पेटवून जगते. चूल आली की ठिणग्या आल्या. त्या ठिणग्या घरातलीच भांडीकुंडी जाळतात, आणि वर्षानुवर्षांच्या त्या जळण्याचं नाव म्हातारपण. निदान एक घराणं असं मानतं. आपले गोळे त्या ठिणग्या झेलतील, असं मला वाटतं. वाटतं म्हणाले हं, खात्री आहे असं म्हटलं नाही.”

पण गोळ्यांना एक खोड होती. तेलात असताना त्यांना उजेड लागला की ते बिघडत. झेलणारा हातच उलट ठिणग्या उधळायला लागावा, तसं. ज्या तेलानं भलं व्हायचं, तेच विष होऊन बसे. म्हणून तपकिरी बाटली, म्हणून आतली अंधारी खोली, म्हणून तिथला एकुलता एक लाल दिवा.

त्या खोलीत रोज संध्याकाळी ती उंदरांना तेल द्यायची. जन्मल्यापासून ज्यांना दिवस कोणता नि रात्र कोणती हे छतातल्या दिव्यांनीच शिकवलं, असे ते पांढरे उंदीर. मोठ्या खोलीतले दिवे आपोआप विझले की ती गोळ्यांच्या तेलाचे पिंजरे ढकलगाडीवरून आत आणी. लाल उजेड उंदरांना जवळजवळ दिसत नाही. त्यांच्या लेखी रात्र झालेली असे. ते ताजेतवाने, मागच्या पायांवर उभे, मिशा हलवत तिच्या नळीची वाट बघत असत.

तिचा एक नेम होता. प्रत्येक उंदराला हातात घेण्यापूर्वी ती मनात देवाचं नाव घ्यायची आणि त्या जिवाची माफी मागायची. थेंब पोटात गेला की आभार मानायची. याला वेळ लागे. बाईंच्या मागे प्रयोगशाळा सांभाळणारे सर चेष्टा करायचे, “ताई, तुमचे उंदीर तेलानं जगतायत की आशीर्वादानं, हे आता वेगळं काढावं लागणार.” ती हसायची. नेम मात्र तिनं सोडला नाही.

साध्या तेलाचे उंदीर वेगळे. त्यांना तेच तेल, पण गोळ्यांशिवाय. फरक कळायला तुलना हवी, म्हणून. त्यांची जबाबदारी पिंजरे सांभाळणाऱ्या माणसाकडे होती. त्याला सगळी प्रयोगशाळा उंदीरमामा म्हणायची आणि त्यालाही ते आवडायचं.

आणि त्या दिवशी सकाळ सरत आली तेव्हा सरांनी तिला हाक मारली ती चक्क ओरडून.

“ताई! आहात तशा या!”

संगणकाच्या पडद्यावर दोन रेषा होत्या, किती उंदीर जिवंत उरले ते दाखवणाऱ्या. जिन्यासारख्या पायऱ्या उतरत गेलेल्या. साध्या तेलाची रेषा भराभरा खाली आली होती आणि तळाला टेकायला थोडीच उरली होती. गोळ्यांच्या तेलाची रेषा वरच रेंगाळत होती. तिला उतरायची जणू काही घाईच नव्हती.

“म्हातारे झालेत, पण आहेत!” सर खुर्चीत बसत नव्हते. “आहेत, ताई! चाकावर पळतायत! आज चार वाजता संस्थेची मोठी मंडळी येणार आहेत. त्यांच्यासमोर फक्त हे चित्र लावायचं. बोलायचं काहीच नाही.”

तिनं खिडकीशी जाऊन घरी फोन लावला. हा फोन करायलाच हवा होता. तसा करारच होता.

करार तिच्या सासऱ्यांशी होता. बाबांनी उभा जन्म बस चालवली. आता छातीचं इंजिन धापा टाकत होतं, डॉक्टर जपून राहा म्हणत होते, आणि बाबांना एकच ध्यास होता. नात विमान चालवायला शिकत होती. तिच्या विमानात बसायचं. “चालकाचं घराणं आहे आपलं,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. “मी जमिनीवर, ती वर. तिला म्हणणार, बाई गं, दार नीट लावून घे, पुढे सरका, पुढे सरका!” पण तिच्या शिक्षणाला अजून काही वर्षं होती, आणि तेवढी आपल्याकडे आहेत का, हा प्रश्न ते कोणाला विचारत नसत.

एक दिवस त्यांनी बाजारातून बाटली आणली. असलं तेल हल्ली विकायला आलं होतं. लेबलावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं उडी मारत होतं.

“बाबा, हे कोणी केलंय, कसं केलंय, काही ठाऊक नाही.”

“अगं, तुम्हीही हेच करता ना?”

“आम्ही उंदरांना देतो.”

“म्हणजे उंदरांची चैन, आणि सासऱ्यानं काय घोडं मारलंय?”

शेवटी तह झाला. उंदीर हो म्हणेपर्यंत बाबा झाकणाला हात लावणार नाहीत. आणि उंदीर काय म्हणाले ते, हो असो की नाही असो, ती बाबांना खरं तेच सांगेल.

“बाबा,” ती फोनवर कुजबुजली, “उंदीर हो म्हणाले!”

“काय सांगतेस! जरा मोठ्यानं बोल!”

“मोठ्यानं नाही बोलता येत. सर इथेच नाचतायत.”

“थांब मग, दाढी करतो.”

“दाढी कशाला?”

“एवढं आयुष्य वाढायचंय, सुरुवात नीटनेटकी नको?”

“बाबा, ऐका, मी आल्याशिवाय...” पण पलीकडे फोन ठेवला गेला होता. बाबांचं ते नेहमीचंच. आपलं बोलून झालं की गाडी सुटली.

तिला हसू आलं. मग वाटलं, ज्यांच्यामुळे हा दिवस दिसला त्यांचे आभार आधी मानले पाहिजेत. आणि आभार फक्त आपल्याच उंदरांचे का? साध्या तेलाच्या उंदरांनीही तेवढंच दिलं. थेंब घेतले, काही मिळालं नाही, आणि तक्रार न करता गेले. एवढ्या काळात दुपारी ती कधी खाली उतरली नव्हती. दुपार म्हणजे वरच्या मजल्यावर तेल घोटायची वेळ. आज ती उतरली.

मोठी खोली पांढऱ्या उजेडानं लख्ख होती. उंदीरमामा पिंजऱ्याशी वाकला होता. आत कागदाच्या किसाच्या घरट्यात साध्या तेलाचे उरलेसुरले म्हातारे एकमेकांच्या अंगावर डोकी टाकून गाढ झोपले होते.

“उठा पाव्हणं,” मामा लाडानं म्हणाला, “औषधाची वेळ झाली.”

त्यानं एकाला अलगद उचललं. उंदीर दचकला. कान मागे गेले, डोळे मिचमिचले, अंग थरथरलं. थेंब पोटात गेला तसा तो खाली सुटला आणि पुन्हा घरट्यात तोंड खुपसून उजेडापासून लपला. मग दुसरा. मग तिसरा. मामाचा हात मऊ होता, कामात कसूर नव्हती. पण ती बघतच राहिली. हात जोडायला वर नेले होते, ते तसेच छातीशी राहिले.

“मामा, हे रोज याच वेळी असतं?”

“रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. डोळ्यांत तेल घालून करतो, ताई. का?”

“आणि गोळ्यांच्या तेलाचे?”

“त्यांना दुपारी हात लावायचा नाही, बाईंनीच सांगितलंय. बाटलीला उजेड लागतो ना. ते तुमचे, अंधार पडल्यावरचे.” तो हसला. “साध्या तेलाला काय, उजेडाचं वावडं नाही. दुपारी सोयीचं पडतं.”

उंदीर दिवसा झोपतात. हे तिला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, बाईंना तर कोळून प्यायल्यासारखं ठाऊक होतं. तरीही एका गटाला जन्मभर जाग आल्यावर, अंधारात, निवांत थेंब मिळाला. आणि दुसऱ्या गटाला रोज ऐन झोपेतून उठवून, डोळ्यांवर उजेड मारून. सगळ्यांनी बाटलीला जपलं. उंदराच्या झोपेचा विचार कोणाच्या मनात आला नाही.

मग त्या दोन रेषांमधलं अंतर कशाचं? गोळ्यांचं, की झोपेचं?

तिच्या अंगावर सरसरून काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. लहानपणी अंधाऱ्या माळ्यावर चढताना यायचा, तसा. वर काहीतरी आहे, हे नक्की माहीत असताना येतो तो.

ती जिना चढून गेली ती दोन-दोन पायऱ्या एका दमात. सरांनी नवा शर्ट घातला होता. तिनं सगळं सांगितलं. ते ऐकत गेले तसे खुर्चीत बसत गेले.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “माझे उंदीर जास्त जगले, की नुसते जास्त झोपले?”

“माहीत नाही, सर.”

“माहीत नाही!” त्यांनी डोक्याला हात लावला. मग ते एकदम उठले, खडू शोधला, सापडला नाही, तर काचेच्या दारावर जाड लेखणीनंच रेघा ओढायला लागले. “चार घरं करा. साधं तेल उजेडात. साधं तेल अंधारात. गोळे अंधारात. गोळे उजेडात... ते कसं जमवायचं? तेल बिघडेल.”

“नळीला काळा कागद गुंडाळायचा. उजेड उंदराला, अंधार तेलाला.”

“वा! वा, ताई!” त्यांचा आवाज पुन्हा सकाळसारखा चढला. “आणि समजा झोपच निघाली, तर? निव्वळ झोप? अहो, ती तर फुकट मिळते, प्रत्येकाच्या घरी! आणि समजा दोन्ही मिळून काम करत असतील... गोळे आणि अंधार...”

“चारला मंडळी येतील त्यांना काय सांगणार?”

“जे झालं ते. सकाळी आमच्या हातात एक उत्तर होतं, आता दोन प्रश्न आहेत, आणि प्रश्न उत्तराहून देखणे आहेत.” मग हळू आवाजात म्हणाले, “थोडं रडून घेतो, मग सांगतो.”

उंदीरमामा दारात येऊन उभा होता. त्यानं शेवटचं ऐकलं होतं. “ताई, म्हणजे ते माझ्या हातानं...”

“नाही, मामा. ते म्हातारे होऊन, मऊ हातात गेले. बाईंनी सांगितलं ते आपण सगळ्यांनीच केलं. तुम्ही केलंत, मीही केलं.”

तो दाराची कड बोटानं पुसत राहिला. “मग जे राहिलेत, त्यांना तरी आता झोपू द्यायचं का?”

ती आणि सर एकमेकांकडे बघायला लागले. उरलेसुरले म्हातारे! त्यांची झोप उद्यापासून मोडली नाही, तर काय होईल? चाकावर चढतील? खातील जास्त? हे कळायला वर्षं लागणार नव्हती. काही आठवड्यांत काहीतरी दिसेल.

“उद्यापासूनच,” ती म्हणाली. आणि उद्या म्हणताना तिला आज आठवला. बाबा. दाढी. बाटली.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाबा फोन ठेवून कुठे जातात, स्नानाला जातात, शेजारी गप्पा मारायला जातात, असं ती मनाला सांगत होती, पण पाय केव्हाच रस्त्याला लागले होते. रस्ताभर तिच्या ओठांवर देवाचं नाव होतं, आणि डोळ्यांपुढे बाबांची ती पारदर्शक काचेची बाटली. खिडकीच्या फळीवर ठेवलेली. तिनं कपाटात ठेवली की बाबा परत बाहेर काढायचे. उन्हात तिचा रंग काय सुंदर दिसतो म्हणायचे. त्या तेलाचं आता काय झालं असेल?

दार उघडंच होतं. बाबा टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत गाल. समोर बाटली, उन्हाच्या पट्ट्यात लालजांभळी पेटलेली. शेजारी चमचा. आणि चमच्याशेजारी झाकण.

“बाबा! घेतलंत?”

“काय ओरडतेस! वास घेतला फक्त. घेऊ का, म्हणून चमच्याला विचारलं. तो म्हणाला, सूनबाई येऊ दे.”

“फोन का नाही उचलला?”

“वाटलं, तू नको म्हणशील.”

ती मटकन खुर्चीत बसली. जिवात जीव आला तसं हसूही आलं आणि डोळेही भरले. तिनं आधी पडदा ओढला. मग सगळं सांगितलं, काही न लपवता. लाल दिवा, पांढरा दिवा, झोपलेले उंदीर, काचेवरची चार घरं.

बाबांनी चमचा उलटा केला, सुलटा केला. “म्हणजे हो नाही म्हणाले.”

“अजून काहीच नाही म्हणाले. आधी आपणच नीट विचारलं नव्हतं.”

“आता नीट विचारून, ते म्हातारे होऊन, उत्तर कधी?”

“दोन-तीन वर्षं तरी.”

“आणि मी?” बाबा हसत होते, पण आवाज हसत नव्हता. “मी कुठल्या घरात, पोरी? माझ्यासाठी थांबणार आहेत का तुझे चार गट?”

गोड काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. पण शब्द खरं बोलण्याचा दिला होता.

“नाही थांबणार, बाबा. आणि तुम्ही विमानात बसाल की नाही, हेही मला माहीत नाही. पण ही बाटली रोज उन्हात राहिली आहे. आत आज काय झालंय देव जाणे. तुम्हाला वाटतंय ही वर नेईल. मला भीती वाटते, ही मधल्याच थांब्यावर उतरवेल.”

बाबांनी स्वतः झाकण उचललं आणि घट्ट फिरवलं.

“तपासल्याशिवाय गाडी आवाराबाहेर काढली नाही मी कधी. घेऊन जा. तुमच्या यंत्रात घालून बघा काय आहे ते. लेबलावरच्या त्या उड्या मारणाऱ्यांनाही कळवा.” मग डोळे बारीक करून म्हणाले, “पण ते झोपेचं खरं सांग. नुसत्या झोपेनं एवढा फरक?”

“असेलही. असलाच तर तो उंदरांचा. माणसांचं मी काही बोलत नाही.”

“माझ्यावर बघ ना!”

“सासऱ्यांवर प्रयोग करायला मला परवानगी नाही मिळायची. पण तुम्ही दिवे मालवून वेळेवर झोपलात, तर मी आडवी येणार नाही.”

बाबा खूश झाले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशी नवी गाडी हातात आलेल्या माणसाचं तेज चढलं. “ठरलं. मी ते रात्रीचे सामने बघणं सोडतो. खोलीत काळोख करून पडतो. पण तूही लगेच कामाला लागायचं. परवा नाही, तेरवा नाही. राहिलेल्या म्हाताऱ्यांची झोप उद्यापासून कोणी मोडता कामा नये. मामा किती वाजता येतो?”

“उशिरा. तोवर दिवे लागलेले असतात. मीच जाईन, पहाटे, दिवे लागायच्या आत अंधारातच थेंब देईन.”

“शब्द?”

“शब्द, बाबा.”

मग त्यांनी नातीला फोन लावला आणि कोणी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, “हे बघ, विमान शिकायची घाई कर. आजोबा आजपासून लवकर झोपणार आहेत, त्याचा काही भरवसा नाही, फार जगतील!” पलीकडून नात काय म्हणाली ते ऐकायला येईना, इतके ते हसत होते.

पहाटे तिला गजर वाजायच्या आधीच जाग आली. तिनं तो वाजण्यापूर्वीच बंद केला. स्नान उरकून अंथरुणाच्या कडेला बसून नाव घेतलं, रोजच्यापेक्षा थोडं भराभर, आणि त्याबद्दल मनात क्षमाही मागितली. बाबांची बाटली काळ्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. बोळातला दिवा लावला नाही. भिंतीला हात टेकत ती बाबांच्या खोलीवरून गेली. आत मिट्ट काळोख होता, आणि त्या काळोखात संथ, खोल श्वास चालला होता.

चपला हातात घेऊन तिनं दार इतकं हळू ओढलं, की कडीलाही कळलं नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून तिनं चपला चढवल्या आणि झपझप चालायला लागली.